कोरियन सहकाऱ्याला इंग्रजीचे पुढच्या पायरीचे शब्द कसे शिकवावेत?

मुग्धा_देजॉन

नमस्कार मंडळी,

मी दक्षिण कोरियात देजॉनला एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्या गटातला एक कोरियन मुलगा यंदा पीएचडीचा प्रबंध लिहितोय, तोही इंग्रजीत. अतिशय हुशार आणि कष्टाळू आहे. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत त्याला ९९० पैकी ९०० च्या वर गुण आहेत. इंग्रजी शोधनिबंध तो माझ्याइतक्याच वेगाने वाचतो. अवघड शब्दाचा अर्थ विचारा, लगेच कोरियनमध्ये सांगतो.

पण लिहायला बसला की सगळीकडे 'शो', 'इन्क्रीज', 'इम्पॉर्टन्ट' आणि 'व्हेरी'. मार्गदर्शक दर वेळी 'भाषा सुधारा' एवढंच लिहून कागद परत पाठवतात. मग तो शब्दकोशातून भारदस्त शब्द शोधून बसवतो आणि वाक्य आणखी विचित्र होतं. आता त्याने माझ्याकडे मदत मागितली आहे. 'तुम्हा भारतीयांना इंग्रजी येतं, मला प्रगत शब्द शिकव,' म्हणतो.

मला त्याला मनापासून मदत करायची आहे. पण सुरुवात कुठून करू? शब्दांची यादी देऊ का? त्याच्याकडे याद्यांचा ढीग आधीच आहे. कोरियन लोकांना शिकवलेले, त्यांच्याबरोबर काम केलेले कुणी इथे असतील तर कृपया अनुभव लिहा.

सह्यकडा

रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगा. अग्रलेखासकट. आमच्या पिढीने असंच इंग्रजी कमावलं.

अनिकेत_सुवॉन

सह्यकडा, वाचन हवंच, पण या मुलांचं दुखणं वाचनात नाही. मी बरीच वर्षं सुवॉनला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इथे १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी आहे. ऐपत असलेले पालक त्याच्या आधीच मुलांना इंग्रजी बालवाडीत घालतात. नंतर हाग्वॉन, म्हणजे खाजगी शिकवणी. सोलमधला देची-दोंग हा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे रात्री दहाला हाग्वॉन बंद करायचा नियम आहे, आणि त्या वेळी मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. या सगळ्याच्या शेवटी नोव्हेंबरात सुनुंग, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. तिच्यातला इंग्रजीचा पेपर ७० मिनिटांचा आणि ४५ प्रश्नांचा. त्यातले १७ प्रश्न ऐकून सोडवायचे, २८ वाचून. लिहायचं काहीही नाही, फक्त पर्याय निवडायचा.

सगळ्यात अवघड समजला जाणारा प्रश्न रिकाम्या जागेचा. तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्रावरचा एखादा घट्ट उतारा देतात आणि मधलं एक वाक्यखंड गाळतात. तिथे काय येईल ते ओळखायचं. या मुलांनी असे उतारे शेकड्यांनी सोडवलेले असतात. त्यामुळे 'अ‍ॅम्बिग्युअस' वगैरे शब्द ओळखणं त्यांना सोपं जातं. पण तो शब्द स्वतःच्या वाक्यात वापरायची वेळ शाळेत फारशी येतच नाही. नोकरीसाठी टोइक द्यायची, तर तिच्या नेहमीच्या परीक्षेतही ऐकणं आणि वाचणं एवढंच. बोलण्या-लिहिण्याची परीक्षा वेगळी.

तेव्हा मुग्धाताई, तुमच्या मित्राला शब्द येत नाहीत असं नाही. त्याला शब्द ओळखायला शिकवलंय, वापरायला नाही. पहिली मदत म्हणून त्याला एवढं स्पष्ट सांगा. इथली मुलं स्वतःला फार कमी लेखतात.

रानवारा

सुनुंगच्या दिवशी विमानंसुद्धा थांबवतात ना? की ती फेसबुकवरची थाप आहे?

अनिकेत_सुवॉन

थाप नाही. इंग्रजी ऐकण्याची परीक्षा चालू असते तेव्हा साधारण ३५ मिनिटं देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. त्या दिवशी कार्यालयं आणि शेअर बाजारही उशिरा उघडतात, म्हणजे मुलांना रस्ता मोकळा मिळतो. उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीतून केंद्रावर सोडतात.

रानवारा

आमच्या बारावीला केंद्राबाहेरची वरात अर्धा तास थांबली असती तरी मी आभार मानले असते. :)

शब्दवेडा

मुग्धा, यादीच हवी असेल तर निदान योग्य यादी घे.

मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सुमारे २००० नित्याच्या शब्दांची यादी छापली. हे वेस्ट आपल्या उपखंडात, ढाक्याला अध्यापकांना शिकवत असत. त्यांच्या कामाची सुरुवातच बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं या प्रश्नातून झाली. पुढे २००० साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनातल्या शब्दांची वेगळी यादी केली. वेस्ट यांचे शब्द वगळून, अनेक विद्याशाखांत वारंवार येणारी ५७० शब्दकुळं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ) त्यांनी निवडली. 'डिराइव्ह', 'सब्सिक्वेन्ट', 'सिग्निफिकन्ट', 'कन्सिस्ट' अशी. विद्यापीठीय मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा एवढ्या कुळांनीच व्यापलेला असतो.

शब्दसंग्रहाचे संशोधक पॉल नेशन यांचा २००६ चा हिशेबही उपयोगी आहे. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. कोरियन शाळेच्या अभ्यासक्रमाची मूळ यादी ३००० शब्दांच्या आसपास आहे. मधली दरी हाग्वॉन भरतं. पण तुझ्या मित्राला कादंबरी वाचायची नसून प्रबंध लिहायचा आहे. त्याच्यासाठी ५७० पुरे. त्यातलेही निम्मे त्याला नक्की येत असणार.

मधुमालती

मी पुण्यात कोरियन कुटुंबांना इंग्रजी शिकवते. रांजणगाव, चाकण, तळेगाव भागातल्या कोरियन कंपन्यांत नवऱ्याची बदली झाली की बायका-मुलं पुण्यात राहायला येतात. मुलं शाळेत शिकतात, बायका माझ्याकडे.

शब्दवेडा यांचा मुद्दा मान्य करून एक सांगते. मला अडचण दिसते ती अवघड शब्दांची नाही, सोप्या शब्दांचीच. कोरियनमध्ये 'याक्सोक' म्हणजे वचन, आणि भेटीची ठरलेली वेळही याक्सोकच. म्हणून त्या सांगतात, 'आय हॅव अ प्रॉमिस टुनाइट.' 'गिदे' म्हणजे अपेक्षा, आणि आतुरतेने वाट पाहणंही. त्यामुळे 'एक्स्पेक्ट' नको तिथे येतो. 'नोल्दा' म्हणजे खेळणं, पण मोठी माणसं मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायला गेली तरी नोल्दाच. मग पन्नाशीच्या बाई सांगतात की काल मी मैत्रिणीशी खेळले. 'बुदाम' म्हणजे ओझं, दडपण. कुणी जास्त आग्रह केला की 'आय फील बर्डन'. आणि अंगात कसकस असली की 'माय कंडिशन इज नॉट गुड', हे वाक्य तर मी रोज ऐकते.

हे शब्द पाठ करून सुटत नाहीत. एका कोरियन शब्दाची इंग्रजीत दोन किंवा तीन घरं आहेत, हे समोरासमोर मांडून दाखवावं लागतं. मी वहीत दोन रकाने करून घेते. डावीकडे कोरियन शब्द, उजवीकडे पूर्ण इंग्रजी वाक्यं. सुटा इंग्रजी शब्द लिहायचाच नाही, असा नियम आहे. त्या बायका हे इतक्या चिकाटीने करतात की बघून मला हुरूप येतो.

तात्या_कोल्हापूर

मधुमालतीताई, उलटंही असेल की. इंग्रजीत एक आणि कोरियनमध्ये दहा?

मधुमालती

आहे ना तात्या. इंग्रजीत सगळं 'वेअर'. कोरियनमध्ये कपडे असले तर इप्ता, बूट असले तर शिन्ता, टोपी किंवा चष्मा असला तर स्सुदा, अंगठी किंवा हातमोजे असले तर क्किदा, घड्याळ असलं तर छादा. माझ्या विद्यार्थिनींना आश्चर्य वाटतं की इंग्रजांना एवढ्या एका शब्दात भागतं कसं.

तात्या_कोल्हापूर

मग ते आपलेच झाले. आपणही सदरा घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो आणि शाल पांघरतो. त्यांना इंग्रजी राहू दे, मराठी शिकवा. लवकर येईल.

कोकणकन्या

तात्या गमतीत बोलले पण त्यात तथ्य आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे, मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलणं, हे दोन्हीकडे आहे. 'जेवला नाहीस का?' विचारलं तर आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो. कोरियन माणूसही तसंच म्हणतो. मग इंग्रजीतही तो 'येस, आय डिडन्ट' म्हणतो आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. माझ्या कोरियन वरिष्ठांशी झालेल्या बैठकांत मला हे कधीच चुकीचं वाटलं नाही. आमच्या अमेरिकन गटाला मात्र प्रत्येक वेळी पुन्हा विचारावं लागे.

अवांतर: कोरियनमध्येही वडिलांना 'आप्पा' म्हणतात. मुलांच्या इंग्रजीसाठी बायको-मुलांना परदेशी पाठवून स्वतः कोरियात एकट्याने राहणाऱ्या बापाला ते 'गिरोगी आप्पा' म्हणतात, रानहंस बाप. वर्षातून एकदा उडत जाऊन भेटतो म्हणून. भाषेसाठी एवढी किंमत मोजणारी कुटुंबं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

निरुक्त

उत्तम चर्चा. एक वाट कुणी अजून सांगितली नाही, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून जास्त शब्द चिनी मुळांचे आहेत. मराठीत तत्सम शब्दांचं जे स्थान तेच तिथे त्यांचं. शास्त्र, कायदा, तत्त्वज्ञान यांची भाषा त्याच मुळांतून घडते. इंग्रजीत हे काम लॅटिन आणि ग्रीक मुळं करतात. म्हणजे इंग्रजीचे 'प्रगत' शब्द आणि कोरियनचे 'प्रगत' शब्द बांधणीत पुष्कळदा सारखे असतात.

सेमीकंडक्टर घ्या. कोरियात हा शब्द रोज बातम्यांत असतो, 'बान्दोचे'. 'बान' म्हणजे अर्धा, 'दो' म्हणजे नेणं, वाट दाखवणं, 'चे' म्हणजे वस्तू किंवा शरीर. 'सेमी' म्हणजे अर्धा, आणि 'कंडक्ट'मधल्या लॅटिन 'डक्'चा अर्थ नेणं. आपलं अर्धवाहक तसंच. आयात आणि निर्यात म्हणजे 'सुइप' आणि 'सुचुल'. 'सु' वाहून नेणं, 'इप' आत, 'चुल' बाहेर. 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट' यांत 'पोर्ट' म्हणजे वाहणं. मायक्रोस्कोपला 'ह्यॉन्मिग्यॉंग' म्हणतात. सूक्ष्म, ते प्रकट करणारं भिंग. आपण सूक्ष्मदर्शक म्हणतो.

मुग्धाताईंचा सहकारी विज्ञानाचा आहे. त्याला त्याच्या विषयातले वीस-तीस कोरियन शब्द फोडायला सांगा आणि शेजारी इंग्रजी शब्द फोडून ठेवा. 'डक्' कळला की कंडक्ट, डिड्यूस, इंड्यूस, रिड्यूस एका ओळीत उभे राहतात. नुसत्या पाठांतराने हे होत नाही.

अनिकेत_सुवॉन

निरुक्त, प्रतिसाद फार आवडला. पण एक मोठी अडचण आहे.

आजच्या कोरियन मुलांना ही मुळं दिसतच नाहीत. चिनी लिपी, म्हणजे हान्जा, रोजच्या लेखनातून जवळपास गेली. १९८८ मध्ये 'हांक्योरे' हे दैनिक संपूर्ण हंगुलमध्ये, म्हणजे कोरियनच्या स्वतःच्या लिपीत निघालं, नंतर बाकीचेही तिकडे वळले. हंगुल सुंदर लिपी आहे, १४४६ मध्ये राजा सेजोंगने लोकांना सहज वाचता यावं म्हणून जाहीर केली आणि तिने ते काम चोख केलं. मात्र हंगुलमध्ये 'बान' एकाच प्रकारे लिहिला जातो. अर्धा हा बान, विरुद्ध हाही बान, शाळेचा वर्ग हाही बान. हान्जा येत असेल तर तीन वेगळी चिन्हं डोळ्यांपुढे येतात. नसेल तर बान्दोचे हा एक सलग आवाज.

२०२२ मध्ये इथे यावरून गदारोळ झाला होता. एका कॅफेने माफी मागताना 'शिमशिम' असा शब्द वापरला. चिनी मुळाच्या त्या शब्दाचा अर्थ 'अत्यंत मनापासून'. पण तसाच उच्चार असलेल्या अस्सल कोरियन शब्दाचा अर्थ 'कंटाळवाणा'. अनेक तरुण भडकले, म्हणाले, कंटाळवाणी माफी कसली मागता? मग देशभर तरुणांच्या भाषाज्ञानावर चर्चा. जिथे स्वतःच्या भाषेतली मुळं धूसर झालीत, तिथे त्यांच्या आधाराने लॅटिन मुळं कशी शिकवणार?

निरुक्त

अडचण खरी आहे. तरी मी वाट सोडणार नाही. आपल्या मुलांनाही 'अवलंबून'मधला 'लंब' दिसत नाही, पण एकदा सांगितलं की 'अवलंबून' आणि 'डिपेन्ड' दोन्हींत लटकणं आहे हे ती विसरत नाहीत. पीएचडी करणाऱ्या मुलाला वीस हान्जा समजून घेणं जड नाही. कोरियन शब्दकोशात चिनी मुळाच्या शब्दापुढे मूळ हान्जा दिलेली असते. त्याला त्याची स्वतःची भाषाही नव्याने दिसेल, हा लाभ मला इंग्रजीहून मोठा वाटतो.

गोडबोले_काका

पाठांतराला सगळे नावं ठेवताहेत म्हणून लिहितो. आठवणीची बैठक नसेल तर वरचं सगळं हवेत राहतं. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला, तेव्हापासून माहीत आहे की उजळणी एकदम न करता अंतर ठेवून करावी. 'अँकी' हे सॉफ्टवेअर तेच करतं, अंतर लांबवत नेऊन. जपानीत अँकी म्हणजे पाठांतर, आणि त्याच दोन चिनी चिन्हांचा कोरियन उच्चार 'अम्गी'. मुग्धाच्या मित्राला तो शब्द लहानपणापासून पाठ असणार.

अनिकेत_सुवॉन

काका, अम्गीची इथली पद्धत 'क्कामजी'. तोच शब्द कागदावर पुन्हा पुन्हा लिहायचा, पांढरा भाग उरणार नाही इतका. नावाचा अर्थच काळा कागद. शाळेत शिक्षा म्हणूनही देतात. हात दुखतो, आणि पेन थांबलं की शब्दही जातो. दुसरी पद्धत, इंग्रजी शब्दाच्या आवाजाशी जुळणारं कोरियन वाक्य रचून विनोदाने लक्षात ठेवायचं. त्याची पुस्तकं इथे खूप खपतात.

गोडबोले_काका

दुसऱ्या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. अ‍ॅटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर तिचा प्रयोग केला होता आणि ती पद्धत वापरणाऱ्यांना जास्त शब्द आठवले. पण शब्द पहिल्यांदा पकडायला ती चांगली. वाक्यात बसवायला तिचा उपयोग नाही, हे मान्य. म्हणून कार्डावर सुटा शब्द नको, मधुमालती म्हणतात तसं वाक्य हवं. त्यातला नेमका शब्द गाळून ठेवायचा.

रानवारा

म्हणजे परत रिकाम्या जागा भरा!

गोडबोले_काका

हो, पण यात पर्याय दिलेले नाहीत आणि वाक्य त्याच्या स्वतःच्या विषयातलं आहे. फरक तिथेच पडतो.

लंडनकर_वैदेही

उच्चाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. कोरियनमध्ये 'फ' आणि 'प' यांत इंग्रजीसारखा भेद नाही, कॉफीची 'खॉपी' होते. 'र' आणि 'ल' एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे 'करेक्ट' आणि 'कलेक्ट' कानाला जवळजवळ सारखे. जोडाक्षरं फोडून मध्ये स्वर घालतात, 'स्ट्राइक'चे पाच तुकडे होतात. शब्द कानाला नीट वेगळा ऐकू आला नाही तर डोक्यातही वेगळा साठत नाही. म्हणून शब्द लिहून घेण्याआधी ऐकवा. आपल्यालाही 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांत इंग्रजांसारखा फरक करणं जड जातं, तेव्हा त्यांची अडचण आपण चांगली समजू शकतो.

कोकणकन्या

आणि कोरियन इंग्रजीचं काय? तिथे 'कनिंग' म्हणजे परीक्षेतली कॉपी, 'मीटिंग' म्हणजे मुलामुलींनी गटाने ठरवून भेटणं, 'सर्व्हिस' म्हणजे हॉटेलवाल्याने फुकट दिलेला पदार्थ. हे शब्द चुकीचे म्हणून झटकू नका, ती त्यांची भाषा आहे. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने कोरियन मुळाचे वीसहून अधिक शब्द एकदम घेतले, त्यात 'स्किनशिप' (स्पर्शातून दिसणारी जवळीक) आणि 'कोंग्लिश' (कोरियन वळणाचं इंग्रजी) हेही आहेत.

सह्यकडा

आपल्याकडेही 'कॉपी' म्हणजे परीक्षेतली चोरीच की. वाचनाचा माझा मुद्दा मात्र कायम आहे. वाक्यं आणणार कुठून? वाचनातूनच ना?

मुग्धा_देजॉन

सर्वांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल आम्ही दोघं बसलो. अनिकेत म्हणाले ते आधी सांगितलं, की तुला शब्द येतात. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की हे त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. सह्यकडांचा सल्ला थोडा बदलून घेतला. वर्तमानपत्राऐवजी त्याच्याच विषयातले, नावाजलेल्या नियतकालिकांतले निबंध घेतले. अर्थासाठी वाचायचं नाही, फक्त क्रियापदं आणि त्यांची जोडीदार नामं टिपायची. 'एक्स्पेरिमेंट' बरोबर 'कंडक्ट' येतो. 'रिसर्च'चं अनेकवचन करत नाहीत, हे त्याने स्वतः शोधलं. ही वाक्यं अँकीत जातील. 'कंडक्ट' आला तेव्हा मी निरुक्त यांची बान्दोचेची फोड दाखवली. त्याने तिथल्या तिथे फोनवर हान्जा उघडली आणि 'दो' असलेले आणखी शब्द काढत बसला. त्याला थांबवावं लागलं.

एक प्रश्न उरला. त्याच्या लिखाणात प्रत्येक निष्कर्ष 'प्रूव्ह' होतो. सगळं सिद्धच. मार्गदर्शकांचा खरा राग बहुधा त्यावर आहे. हे शब्दसंग्रहात मोडतं का?

शब्दवेडा

नक्कीच मोडतं, आणि माझ्या मते प्रबंधासाठी सगळ्यात निकडीचं हेच आहे. 'प्रूव्ह', 'डेमॉन्स्ट्रेट', 'इंडिकेट', 'सजेस्ट' हे शब्दकोशात शेजारी शेजारी दिसतात, पण प्रत्येकात खात्री वेगळी आहे. गणिताबाहेर 'प्रूव्ह' क्वचित चालतो. पुरावा भक्कम असेल तर 'डेमॉन्स्ट्रेट', दिशा दिसत असेल तर 'इंडिकेट', अंदाज असेल तर 'सजेस्ट'. त्याला प्रत्येक निष्कर्षापुढे आधी कोरियनमध्ये लिहायला सांग की मला किती खात्री आहे. इंग्रजी क्रियापद त्यानंतर निवडायचं.

मधुमालती

कोरियनमध्ये खात्री कमी-जास्त दाखवायला क्रियापदाच्या शेवटी 'असं वाटतं' या अर्थाचे प्रत्यय लागतात आणि बोलताना ते लोक ते सतत वापरतात. त्याला विचार, हेच वाक्य तू प्राध्यापकांना तोंडी कसं सांगशील? त्या वाक्याच्या शेवटी काय येतं ते बघून क्रियापद ठरवा.

मुग्धा_देजॉन

हे फारच चांगलं सुचवलंत दोघांनी. निष्कर्षाचं प्रकरण उद्या घेतोय. आधी त्याला ते तोंडी, कोरियनमध्ये सांगायला लावते.